शंभर शब्द मिनिटाला

कसबा बावड्याच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
मी लोकांच्या साक्षी टंकते.
आज पिंजऱ्यात तज्ज्ञ होते.
हेमचंद्र लाटकर, वय बावन्न, राहणार नागाळा पार्क,
नावापुढं अक्षरं इतकी
की एका ओळीत मावेनात.

शाहूपुरीत गुळाचं गोदाम फुटलं होतं.
सांडलेल्या काकवीत एक पाऊल उमटलेलं,
मुंग्या लागायच्या आत कुणीतरी फोटो काढला.
लाटकर म्हणाले, यल्लाप्पाच्याच चपलेचं.
शंभर टक्के.
यल्लाप्पा हमाल मागं उभा, अनवाणी.
चप्पल चार महिने मुद्देमालात,
लाखेच्या सीलखाली.

बारगीर वकीलबाई उठल्या.
चष्मा पुसला. घाई नव्हती त्यांना.

हा डिप्लोमा किती मुदतीचा?
तीन.
तीन वर्षं?
दिवस.
जाऊन केलात?
पोस्टानं.
आणि ज्या संस्थेनं दिला, तिचे अध्यक्ष कोण?
लाटकरांनी पाणी मागितलं.
सध्या मीच आहे, म्हणाले.

कुणी हसलं नाही. जिन्यात कुणीतरी शिंकलं.

वीस पावलं समोर ठेवून, कुणाचं कुठलं ते न सांगता,
तुमची परीक्षा कधी कुणी घेतली?
गरज पडली नाही.
आजवर किती वेळा चुकलात?
एकदाही नाही.

एकदाही नाही. टंकलं मी.
माझे वडील गंगावेशीच्या तालमीत जायचे.
म्हणायचे, पाठीला माती न लागलेला पैलवान
एकतर देव असतो, नाहीतर प्रेक्षक.

पण फाईल जाड होती, सोनेरी शिक्क्याची,
प्रत्येक पान प्लास्टिकात.
एकशे बारा खटल्यांत साक्ष दिल्याची यादी.
त्यातल्या अकरा माझ्याच हातच्या.
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, किती दिवसांचा.
मीही नाही; माझं काम ते नव्हे.
त्या अकरांतले काही
अजून कळंब्याला असतील.

आणि माझंही एक प्रमाणपत्र आहे की.
मराठी लघुलेखन, शंभर शब्द मिनिटाला.
त्या दिवशी मजकूर वाचणाऱ्या सरांना खोकला होता,
थांबत थांबत वाचत होते बिचारे.
शंभरच्या वेगानं मी कधी लिहिलंच नाही.
बावीस वर्षं नोकरी झाली,
प्रमाणपत्र घरी कपाटात, साड्यांच्या खाली.

जेवणानंतर बचावाचा साक्षीदार.
बाळकू व्हटकर, सुभाषनगर, धंदा चपलांचा.
शिक्षण?
चौथी. तीबी नापास.
सरकारी वकील गालात हसले.

व्हटकरनं फोटो उजेडाकडं धरला, मग तिरका,
मग बोटानं हवेत टाका घालून बघितला.
जोड माझाच हाय, म्हणाला. ही येणी माझ्या घरातली.
बारगीरबाईंचा चेहरा उतरला.
टाच बाहेरनं झिजलीया. वझं वाहणाऱ्याची.
म्हणजे यल्लाप्पाची?
व्हटकर गप्प राहिला.
बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण लागलं होतं, ते संपेस्तोवर गप्प.

सायेब, मार्केट यार्डातल्या समद्या हमालांची टाच अशीच झिजती.
डोईवर रवा, आन कल एकाच अंगाला.
गेल्या साली असले साठेक जोड म्याच दिलं तिथं.
त्यातला ह्यो कुणाचा, सांगता येत न्हाई.

अंदाजानं?
अंदाजानं माणूस आत घालायचा का?

न्यायाधीशांनी वर बघितलं, मग माझ्याकडं.
घ्या, म्हणाले. सांगता येत नाही, असं घ्या.
लाटकर मागच्या बाकावर फाईल बांधत होते,
नाडी पुन्हा पुन्हा सुटत होती.

पुढची तारीख एकोणीस.

पाच वाजता सगळे गेल्यावर मी प्रत वाचली.
"सांगता"वरचं टिंब राहिलं होतं.
दिलं.
मग खाली सही केली.